मिलफर्ड साउंड: भर पावसात, नव्या ओळखींच्या माणसांबरोबर एक दिवस

रानजाई

मिलफर्ड साउंड हे फियॉर्ड, म्हणजे हिमनदीनं कोरलेल्या खोल दरीत शिरलेला समुद्र. त्यावर इथे आधीही लिहून आलंय, पण बहुतेकांनी ते क्वीन्सटाउनहून टूर बसने जाऊन पाहिलेलं. मी राहते इन्व्हरकार्गिलला, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पार तळाशी. इथून निघालं की रस्ता वेगळा लागतो, आणि माझ्या बाबतीत तरी सोबतही अगदी वेगळी होती.

माणसांपासूनच सुरुवात करते, कारण ती नसती तर मी गेलेच नसते. जूनमध्ये इथल्या एका केअर होममध्ये फिजिओ म्हणून रुजू झाले. जून म्हणजे इथला ऐन हिवाळा. सकाळी साडेआठला उजाडतं, संध्याकाळी पाचला दिवे लागतात, आणि मधल्या वेळात थेट दक्षिणेकडून येणारा वारा. त्या दिवसांत ज्यांनी मला घरी जेवायला बोलावलं ती ही मंडळी. चेची, म्हणजे माझ्याबरोबर काम करणारी कोट्टायमची नर्स. तिचा नवरा, ज्याला आता आम्ही सगळेच चेट्टन म्हणतो. बॅडमिंटनला येणारा फिलिपिनो कुया (त्यांच्याकडे दादाला कुया म्हणतात), विंटनजवळच्या डेअरी फार्मवर कामाला. आणि माझ्या कुंपणापलीकडच्या आजी, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, स्कॉटिश वंशाच्या. या भागातल्या जुन्या लोकांचा 'र' आपल्यासारखा खणखणीत असतो, बाकीच्या न्यूझीलंडमध्ये तो गिळतात. त्यामुळे आजींचं इंग्रजी मला पहिल्या दिवसापासून कळलं, आणि मैत्री तिथूनच झाली.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सगळ्यांची सुट्टी जुळली. हवामानाचा अंदाज बघितला तर फियॉर्डलंडमध्ये, म्हणजे मिलफर्डच्या परिसरात, दिवसभर पाऊस. चेचीनं लगेच ग्रुपवर टाकलं, पुढच्या महिन्यात जाऊ या. आजी ग्रुपवर नाहीत. त्यांना कुंपणावरून विचारलं, तर म्हणाल्या, "पाऊस नसेल तर जायचं कशाला? नुसते दगड बघायला?" मग बेत कायम राहिला. रस्ता चालू आहे की नाही ते मात्र रात्री आणि पहाटे असं दोनदा रस्तेखात्याच्या साइटवर पाहिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे असा पाऊस झाला होता की रस्ता जागोजागी वाहून गेला आणि शेकडो पर्यटक अडकून पडले, त्यांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. पाऊस हवा, पण तेवढा नको.

पहाटे पाचला निघालो. कुयाची जुनी सात सीटर टोयोटा. तो रोज साडेचारला गायींच्या धारा काढायला उभा असतो, त्यामुळे गाडीत ताजातवाना तो एकटाच. विंटन, मॉसबर्न, दोन्ही बाजूंना सपाट हिरवी कुरणं. आजी सांगत होत्या की त्यांच्या तरुणपणी इथे नजर जाईल तिथवर मेंढ्याच असत, गेल्या तीस-एक वर्षांत शेतकरी दुधाकडे वळले. कुया म्हणाला, "म्हणून तर मी इथे आहे." साउथलंडच्या डेअऱ्यांवर फिलिपिनो कामगार खूप आहेत, त्यांच्याशिवाय धारा निघायच्या नाहीत असं म्हटलं तरी चालेल.

ते अनाउ हे तळ्याकाठचं छोटं गाव, इन्व्हरकार्गिलपासून दोन तास. इथे पेट्रोल भरायचं, शौचालय उरकायचं, कॉफी घ्यायची. पुढच्या जवळपास १२० किलोमीटरमध्ये दुकान नाही, आणि मोबाइलची रेंजही बहुतेक सगळी जाते. टोयोटाच्या मागच्या सीटवर माझी थालीपिठं आणि दाण्याची चटणी, चेचीच्या इडल्या, कुयाचा भात आणि तुरोन (केळ्याचे तळलेले गोड रोल, मी शाकाहारी म्हणून खास केलेले), आणि आजींचा रुबार्बचा केक. एग्लिंटन खोऱ्यात गाडी थांबवून त्यातलं अर्धं संपवलं.

या खोऱ्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, सगळ्यांना पुढे पोचायची घाई. दोन्हीकडे बीच झाडांनी भरलेले डोंगर, आणि मधे पत्र्यासारखी सपाट, पिवळ्या गवताची जमीन, मैलच्या मैल. हिमनदी कधीकाळी इथून सरकत गेली, तिनं तासलेलं हे खोरं. मिरर लेक्सला मात्र आजींनी थांबू दिलं नाही. वारा होता, आणि वाऱ्यात तिथे डोंगराचं प्रतिबिंब पडत नाही, मग उरतं डबकं, असं त्यांचं मत. तरी टूर बसमधून चाळीस माणसं उतरून त्या डबक्याचे फोटो काढत होती.

डिव्हाइड नावाची खिंड ओलांडली आणि पाऊस सुरू झाला. सुरू झाला म्हणजे आपल्याकडे ताम्हिणीत जुलैत होतो तसा. होमर बोगद्याच्या अलीकडे उघडेबोडके, उभे, काळे कडे आहेत, हजार मीटरच्या वर गेलेले. त्यावर माती नाही, त्यामुळे पाणी मुरायला जागाच नाही. पाऊस पडायला लागला की काही मिनिटांत अख्खा कडा पांढरा होतो. मोजायचा प्रयत्न चेट्टननं केला आणि सोडून दिला. चेची गप्प झाली होती. मग म्हणाली, "इडुक्कीत असे दोन असते तर तिकीट लावलं असतं."

बोगद्यापाशी सिग्नल आहे, उन्हाळ्यात एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. वाट बघताना केआ आले. केआ म्हणजे डोंगरातले हिरवट, मोठ्या चोचीचे पोपट, अतिशय हुशार आणि तितकेच उपद्रवी. एकानं आमच्या गाडीच्या खिडकीचं रबर उपटायला सुरुवात केली. त्यांना खायला घालू नका असे फलक सगळीकडे आहेत, कारण माणसाच्या खाण्यानं ते आजारी पडतात आणि गाड्यांजवळ यायची चटक लागून चिरडले जातात. कुया हात जोडून त्याला विनवत होता, तो ढिम्म.

हा बोगदा खोदायला १९३५ मध्ये सुरुवात झाली. मंदीचा काळ, सरकारनं बेकारांना काम द्यायचं म्हणून सुरुवातीला पाच माणसं पाठवली, कुदळी आणि ढकलगाड्या घेऊन. समोर सव्वा किलोमीटर जाडीचा टणक खडक. तंबूत राहायचं, हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य दिसायचा नाही, हिमस्खलनात काहीजण गेले. १९४० मध्ये आरपार भोक पडलं, मग महायुद्धामुळे काम रखडलं, आणि १९५४ मध्ये वाहनं जायला लागली. आजही आत भिंतींना गिलावा नाही, खडक जसा फोडला तसाच आहे, वरून पाणी ठिबकतं आणि रस्ता मिलफर्डच्या दिशेला चांगलाच उतरता आहे. आत असताना गाडीत कुणी बोललं नाही. पलीकडे बाहेर पडलो तर पाऊस दुप्पट.

बोटीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिचे फोटो सगळीकडे आहेत. धक्क्यावरून निघून फियॉर्डच्या तोंडापर्यंत, म्हणजे टास्मान समुद्र दिसेपर्यंत जायचं आणि परत यायचं, दोनेक तास. अंतर एका बाजूला १५-१६ किलोमीटर. ज्याचा फोटो कॅलेंडरवर असतो तो माय्टर पीक, पाण्यातून थेट जवळपास १,७०० मीटर वर उठलेला, आम्हाला कंबरेपर्यंतच दिसला. वरचं सगळं ढगात. पण एरवी इथे बारमाही धबधबे दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग, दोन्ही दीडशे मीटरच्या आसपास. त्या दिवशी धबधब्यांना नावं नव्हती, इतके होते. काही खाली पोचतच नव्हते, वारा त्यांना मधेच उचलून वर फेकत होता. पाणी वर जाणारा धबधबा मी नाणेघाटात पाहिलाय, इथे डझनभर एकदम.

स्टर्लिंगखाली कप्तान बोटीचं नाक नेतो. कड्याची भिंत पाण्याखालीही तशीच सरळ खाली गेलेली आहे, त्यामुळे बोट अगदी खेटून जाऊ शकते. पुढच्या डेकवर जायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आजी गेल्या. त्यांच्यामागे आम्ही.

सील एका कातळावर लोळत पडले होते, पावसाचं त्यांना काही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपीय लोक इथे आले ते याच सीलच्या कातड्यांसाठी. कॅप्टन कुक त्याआधी या किनाऱ्यावरून गेला, पण समुद्रातून हे तोंड दिसतच नाही, डोंगर एकमेकांत अडकल्यासारखे वाटतात, त्यामुळे तो आत आलाच नाही. सील मारणाऱ्या जॉन ग्रोनोनं आत शिरून नाव दिलं. माओरी लोक मात्र त्याच्या कित्येक शतकं आधीपासून पौनामु, म्हणजे हिरवा दगड, गोळा करायला इथे येत होते.

त्यांची कथा अशी की तू-ते-राकिव्हानोआ या देवानं वाकसानं डोंगर तासून हे फियॉर्ड कोरलं. ते इतकं सुंदर झालं की माणसं इथून हलणार नाहीत, म्हणून मृत्यूची देवता हिने-नुइ-ते-पो हिनं इथे नामु सोडले. नामु म्हणजे सँडफ्लाय. देवीनं काम चोख केलंय. भर पावसात त्या नव्हत्या, पण पार्किंगमध्ये पाऊस पाच मिनिटं थांबला तेवढ्यात घोट्यांवर बसल्या. आठवडाभर खाजवत होते.

परतताना चेट्टन गाडी चालवत होता, कुया मागे झोपला. ते अनाउला गरम चिप्स खाल्ल्या. साडेनऊपर्यंत उजेड होता, घरी पोचलो तेव्हा नुकतं अंधारत होतं. आठ-नऊ तास गाडीत एकत्र बसल्यावर माणूस जेवढा कळतो तेवढा महिनाभर कँटीनमध्ये भेटून कळत नाही. चेचीचे वडील वीस वर्षं मस्कतला होते आणि ती त्यांना सुट्टीतले पाहुणे समजायची, हे मला त्या दिवशी कळलं. माझंही बरंच काही त्यांना कळलं, ते इथे लिहीत नाही.

---

आजोळ_वेंगुर्ला

फोटो कुठायत? फोटोशिवाय प्रवासवर्णन फाऊल धरतात इथे.

रानजाई

सगळ्या फोटोंत राखाडी धुकं आणि कुणाचा तरी रेनकोट आहे. लेन्सवर थेंब. एक आजींचा बरा आलाय, पण तो त्यांना विचारल्याशिवाय नाही टाकणार.

दगडधोंडे

मस्त लिहिलंय. थोडी भर घालतो, शिकवायची सवय आहे.

आपल्या कोकणातल्या खाड्या, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, या नदीनं कोरलेल्या खोऱ्यांत समुद्र शिरून झालेल्या आहेत. नदी खोरं कोरते ते इंग्रजी व्ही अक्षरासारखं, आणि समुद्राच्या पातळीखाली ती फारसं खोदू शकत नाही. हिमनदीचं तसं नसतं. शेकडो मीटर जाडीचा बर्फ दगडगोटे पोटात घेऊन सरकतो, तळ आणि बाजू दोन्ही किसतो, आणि वजनामुळे समुद्रपातळीच्या खालीही खोदत राहतो. म्हणून खोरं यू अक्षरासारखं, भिंती उभ्या, तळ खोल. मिलफर्डची खोली आतल्या भागात २९० मीटरच्या आसपास आहे, पण समुद्राकडच्या तोंडाशी ते बरंच उथळ होतं, कारण तिथवर येता येता हिमनदीचा जोर संपला आणि तिनं आणलेला दगडगाळ तिथेच पडला. असा उंबरठा हे फियॉर्डचं ओळखचिन्ह. दाभोळच्या खाडीचा तळ असा मागे खोल आणि पुढे उथळ कोरलेला नसतो, तिथे वाळूचा दांडा असला तर तो लाटांनी आणि गाळानं बांधलेला.

धबधबे मधल्या उंचीवरूनच का पडतात? मुख्य हिमनदीला बाजूच्या छोट्या हिमनद्या मिळायच्या. त्यांच्यात खोदायची ताकद कमी, त्यामुळे त्यांची खोरी वरच राहिली. बर्फ वितळल्यावर ती अधांतरी लटकली. स्टर्लिंग अशाच लटकत्या खोऱ्यातून पडतो.

आणि एक, जे बोटीवर सहसा सांगत नाहीत: अल्पाइन फॉल्ट हा न्यूझीलंडचा सर्वांत मोठा भूभंग मिलफर्डच्या तोंडाजवळूनच समुद्रात जातो. शेवटचा मोठा भूकंप १७१७ च्या सुमारास. तिथल्या शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार येत्या पन्नास वर्षांत पुन्हा होण्याची शक्यता ७५ टक्के.

आजोळ_वेंगुर्ला

शेवटचा परिच्छेद वाचून तिकीट रद्द केलं. (काढलंच नव्हतं.)

केतकीवन

रानजाई, अगदी वेळेवर धागा काढलास. मी ऑकलंडला असते. फेब्रुवारीत आईबाबा येतायत, बाबा ७२, आईचे गुडघे दुखरे. क्वीन्सटाउनला तीन रात्री आहोत, तिथून एका दिवसात मिलफर्ड करावं का? बस की स्वतःची गाडी? नकाशावर तर क्वीन्सटाउन आणि मिलफर्ड शेजारी दिसतात.

रानजाई

नकाशावर सत्तर किलोमीटर, पण मधे डोंगरांची रांग आहे आणि तिच्यातून रस्ता नाही. गाडीरस्ता ते अनाउवरून वळसा घालून जातो, एका बाजूला जवळपास २९० किलोमीटर, न थांबता चार तास. जाऊन-येऊन आठ, वर बोटीचे दोन. पंचविशीतल्या मुलांना चालेल. गुडघेदुखीवाल्या काकूंना मी सांगणार नाही. क्वीन्सटाउनची एक रात्र कमी कर आणि ते अनाउला राहा. तिथून सकाळी आठला निघालात तर थांबत थांबत सुखानं पोचाल, आणि क्वीन्सटाउनहून येणाऱ्या बसेसची दुपारची गर्दी टळेल.

सारथी_९४

मी या भागात दोन वर्षं टूर बस चालवली, आता ख्राइस्टचर्चला आहे. ते अनाउच्या सल्ल्याला माझा दुजोरा. स्वतः गाडी चालवणार असाल तर:

आपलं महाराष्ट्राचं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीत असतं, पाहुण्यांना इथे ते चालतं. डावीकडूनच चालवायचं. एकेरी पूल बरेच लागतात, फलकावर तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं. मागे गाड्यांची रांग लागली तर जागा बघून बाजूला व्हा आणि जाऊ द्या, इथे त्यात कमीपणा नाही. डोंगर बघत गाडी चालवू नका, हे शंभरातल्या नव्वद लोकांना सांगूनही पटत नाही. अपघात होतात ते दमून परतताना.

मे ते नोव्हेंबर गाडीत बर्फासाठी टायरना लावायची चेन ठेवावी लागू शकते. हिवाळ्यात बोगद्याचे सिग्नल बंद ठेवतात, कारण तोंडाशी वाहनं उभी राहिली आणि वरून हिमकडा आला तर संपलंच. १९८३ मध्ये रस्त्यावर काम करणारा एक मुकादम असाच गेला, त्यानंतर तिथे हिमस्खलनावर लक्ष ठेवणारी यंत्रणा उभी राहिली. आता हेलिकॉप्टरमधून सुरुंग टाकून बर्फ मुद्दाम आधीच पाडतात आणि मग रस्ता उघडतात.

शंकेखोर

लेख छान, पण मला एक कळत नाही. सहा महिन्यांच्या ओळखीवर, रेंज नसलेल्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या जुन्या गाडीतून दिवसभर? माझी मुलगी परदेशात एकटी राहते म्हणून काळजीनं विचारतोय, राग मानू नये.

रानजाई

राग नाही काका, माझ्या बाबांनीही हेच विचारलं. दोघी बायका तर माझ्या रोजच्या ओळखीच्या. कुठे, कुणाबरोबर, कधी परत, हे कामावरच्या मैत्रिणीला लिहून दिलं होतं. ते अनाउहून जाताना आणि येताना तिला फोन केला. गाडीची फिटनेस तपासणी झालेली होती, ते समोरच्या काचेवरच्या स्टिकरवर दिसतं. आणि पैशाचं आधी बोलून घेतलं: पेट्रोल पाचांत, आजींचं आम्ही चौघांनी घ्यायचं ठरवलं आणि ते आजींनी ऐकलं नाही.

भटकी_मैना

शंकेखोर काकांचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. हॉस्टेलच्या फळ्यावर चिठ्ठी वाचून मी एकदा दोघांबरोबर अशीच निघाले होते, दुसऱ्या देशात. गाडी चालवणाऱ्याच्या नावाचा विमाच नव्हता हे अर्ध्या वाटेत कळलं. काही झालं नाही, पण तो दिवस मी निसर्ग नाही, स्पीडोमीटर बघितला. भाड्याची गाडी असेल तर प्रत्येक चालकाचं नाव करारात आहे ना, ते स्वतः वाचा. आणि बोलायला ओशाळू नका. ज्याला या प्रश्नाचा राग येतो त्याच्याबरोबर जायचंच नाही.

शंकेखोर

हे पटलं. लेकीला धागा पाठवतो.

नॉर्वेकर_बर्गन

आमच्याकडेही या म्हणतो! मी दोन्ही पाहिलीत, म्हणून सांगतो. नॅरोयफ्योर्ड १७ किलोमीटर, म्हणजे लांबीला मिलफर्डएवढंच, आणि सर्वांत अरुंद जागी अडीचशे मीटर. तेही जागतिक वारशात, २००५ पासून. पण फरक असा की नॉर्वेत फियॉर्डच्या काठाला माणूस राहतो. कड्यावर कुठेतरी चार घरं, शेळ्या, सफरचंदाची झाडं, शाळेची मुलं फेरीनं जातात. सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटर आत शिरलंय, तोच लोकांचा शेकडो वर्षांचा हमरस्ता. मिलफर्डला धक्का सोडला की कुणीही नाही. मला ते आधी भकास वाटलं होतं, मग आवडलं. बर्गनलाही पाऊस भरपूर, पण मिलफर्डच्या निम्म्याहून कमी.

दगडधोंडे

मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या पुढे. आपल्या आंबोलीच्या पंक्तीत बसतं. फक्त आंबोली ते चार महिन्यांत उरकते, मिलफर्ड बारा महिने पुरवून पुरवून पाडतं. आणि डोंगरापलीकडच्या ते अनाउला हजार-बाराशेच. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जे घडतं तेच, वारा तिथे टास्मान समुद्रावरून येतो एवढंच.

तळठाव

या पावसाचा पाण्याखाली काय परिणाम होतो ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी मिलफर्डला डाइव्ह केलंय. जंगलातून येणारं पाणी पानांमधल्या टॅनिनमुळे कोऱ्या चहासारखं असतं. गोडं असल्यानं ते खाऱ्या पाण्यात न मिसळता वर तरंगतं, काही मीटर जाडीचा थर. त्यातून उजेड खाली फार कमी जातो. उतरताना आधी हा तपकिरी थर, मग गोडं-खारं मिळतं तिथे सगळं तेलकट, धूसर दिसतं, आणि खाली गेलं की एकदम आरशासारखं स्वच्छ आणि अंधारं. त्या अंधारामुळे खोल समुद्रातले जीव फसतात. काळं प्रवाळ एरवी खूप खोलवर असतं, इथे दहा-पंधरा मीटरवर भेटतं. जिवंत असताना ते पांढरं दिसतं, आतला सांगाडा काळा. १९९३ पासून उत्तरेकडचा बराचसा भाग सागरी अभयारण्य आहे. हॅरिसन कोव्हमध्ये पाण्याखाली उतरून बघायची काचेची खोलीही आहे, म्हणजे पोहता न येणाऱ्यांनी निराश होऊ नये. जायच्या आधी ती चालू आहे का ते विचारा.

रानजाई

हे बोटीवर सांगत होते, पण पावसाच्या आवाजात निम्मं ऐकूच आलं नाही. झाडांचं ऐकलं ते सांगते. उघड्या कातळावर माती नाही, तर आधी शेवाळ धरतं, त्यावर झाडं, आणि त्यांची मुळं एकमेकांत गुंतून कातळाला धरून राहतात. फार पाऊस झाला की एक सुटतं आणि ओढत ओढत खालची सगळी पाण्यात. कड्यांवर असे लांब टकलू पट्टे जागोजागी दिसतात, आणि पट्टा किती हिरवा झालाय त्यावरून तो किती जुना ते कळतं.

पोफळीकर

मी कोयना प्रकल्पातून निवृत्त झालो. धाग्यात त्याच भागातल्या डाउटफुल साउंड या दुसऱ्या फियॉर्डचं नाव कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटतंय! चार वर्षांपूर्वी मुलाकडे आलो असताना मिलफर्ड न बघता आम्ही तिकडे गेलो, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर कारण फियॉर्ड नव्हतं, मानापौरीचं वीजगृह होतं.

कोयनेचं पाणी मुळात कृष्णेला मिळून पूर्वेला जायचं. आपण ते अडवून बोगद्यांनी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला आणलं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पाडलं आणि वाशिष्ठीत सोडलं. मानापौरीला तळ्याचं पाणी डोंगराच्या आतल्या वीजगृहात पाडतात आणि दहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यानं डाउटफुल साउंडच्या डीप कोव्हमध्ये सोडतात. कल्पना तीच: डोंगराच्या एका अंगाला पाणी उंचावर आहे, दुसऱ्या अंगाला समुद्र. वाशिष्ठीला जसं उन्हाळ्यातही कोयनेचं पाणी असतं, तसं त्या फियॉर्डमध्ये पावसाच्या वर हे जादा गोडं पाणी येतं. तळठाव यांनी सांगितलेल्या थरात त्याची भर पडत असणार.

तिथला इतिहासही वाचण्यासारखा आहे. वीज मुख्यतः टिवाई पॉइंटच्या ॲल्युमिनियम कारखान्यासाठी. त्यापायी तळ्याची पातळी खूप वाढवायची असं मूळ नियोजन होतं, म्हणजे काठावरचं जंगल बुडालं असतं. लोक उभे राहिले. १९७० मध्ये दोन लाख चौसष्ट हजारांवर सह्यांचं निवेदन संसदेत गेलं, तेव्हा देशाची लोकसंख्या जेमतेम अठ्ठावीस लाख. शेवटी तळं आहे त्या पातळीत राखून वीज काढायची असं ठरलं, आणि लक्ष ठेवायला १९७३ मध्ये स्थानिकांचं पालक मंडळ नेमलं, ते अजून आहे. आमच्याकडे गावं उठली त्यांना असं मंडळ मिळालं नाही. प्रकल्पात आयुष्य गेलं म्हणून अभिमान आहेच, पण हे तिथे उभं राहून आठवलं खरं.

नॉर्वेकर_बर्गन

पोफळीकर, कोयनेच्या लेक टॅपिंगबद्दलही लिहा ना. ते तंत्र आमच्या नॉर्वेतलंच.

पोफळीकर

होय, मार्च १९९९. भरलेल्या जलाशयाच्या तळाला खालून बोगदा नेऊन शेवटचा खडक स्फोटानं उडवायचा. आशियात पहिल्यांदा झालं म्हणतात. त्यावर वेगळा धागा काढतो, इथे रानजाईंच्या सहलीत सुरुंग नको.

केतकीवन

मग मिलफर्ड की डाउटफुल? आता गोंधळ झाला.

सारथी_९४

डाउटफुलला थेट रस्ता नाही. मानापौरीहून तळं बोटीनं ओलांडायचं, पलीकडे बसनं विल्मट खिंड, मग दुसरी बोट. फियॉर्ड मिलफर्डच्या दुपटीहून लांब, आणि शांत. पण चढ-उतार जास्त, पूर्ण दिवस जातो आणि महागही. काकूंचे गुडघे आणि पहिलीच खेप बघता मिलफर्ड. मिलफर्डच्या बोटीत खाली बंदिस्त काचेची बैठक असते, जिना न चढता बसून सगळं दिसतं.

रानजाई

सहमत. आजींनी डाउटफुल पाहिलंय, त्यांचंही मत मिलफर्डच. पण त्यांचं कारण वेगळं: मिलफर्डला जाताना बोगदा लागतो. त्या लग्नानंतर पहिल्यांदा तिथून गेल्या तेव्हा आतला रस्ता खडीचा होता आणि नवरा सारखा हॉर्न वाजवत होता.

आणि केतकी, आईबाबांच्या सामानात खाऊ असेल तर देशात शिरतानाच्या घोषणापत्रात सगळं लिहायला सांग. लाडू, मेतकूट, लोणचं, काहीही. लिहिलं तर फार तर काढून घेतात, नाही लिहिलं तर चारशे डॉलर दंड जागेवर.

केतकीवन

ते अनाउच्या दोन रात्री आत्ताच बुक केल्या, बोट दुसऱ्या दिवशी सकाळची. पहिल्या दिवशी पाऊस नसला तर आईला एग्लिंटन दाखवू. सँडफ्लायचं औषध ऑकलंडहून नेऊ की तिथे मिळेल?

रानजाई

ते अनाउच्या कुठल्याही दुकानात काउंटरवरच ठेवलेलं असतं. घोट्यांना, मनगटांना आणि कानांच्या मागे लावा, पायांत मोजे हवेतच. काकूंना साडीऐवजी पँट घालायला पटवता आलं तर बघ. आणि गाडीचं दार उघडं ठेवून फोटो काढू नका, आत शिरल्या की परत ते अनाउपर्यंत तुमच्याबरोबर येतात.